मिल बंद पडली, हे कादंबरीत कसं येतं?

हुकुमचंद या कापड मिलची हकीकत इंदुरात चार ओळींत सांगता येते. 1991-92च्या सुमारास मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांची कोर्टकचेरी तीस वर्षांहून जास्त चालली. डिसेंबर 2023मध्ये सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. त्याचा लाभ 4,800 च्या आसपास कामगारांना होईल, असं सरकारने सांगितलं. बातमीचं काम एवढंच असतं आणि ते तिने चोख केलेलं असतं.

कादंबरीकार हेच आकडे घेऊन भागाकार करायला बसतो. 224 कोटींना 4,800 ने भागलं की माणशी सरासरी 4 लाख 67 हजार येतात (प्रत्यक्षात ज्याच्या त्याच्या नोकरीप्रमाणे रक्कम वेगळी). त्याला 31 वर्षांनी भागलं की वर्षाचे 15 हजार. महिन्याचे साडेबाराशे. इथपर्यंत आलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. ते महिने घर कशावर चाललं? कोणाची शाळा सुटली? धनादेश निघाला तेव्हा घरात सही करायला कोण उरलं होतं?

आजच्या कथा-कादंबऱ्यांत सामाजिक आणि राजकीय प्रश्न येतात ते बहुतेक या वाटेने. म्हणून ‘या कादंबरीचा विषय काय’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. शेतकरी आत्महत्या, विस्थापन, जात, धर्म, बेरोजगारी या विषयांवर मराठीत ढिगाने लिहिलं जातं. त्यातलं काही नुसतं दुःखी असतं, काही खरोखर राजकीय असतं. फरक मांडणीत असतो, आणि मांडणी पानावर बोट ठेवून दाखवता येते. कशी, ते मिलचंच उदाहरण धरून बघू. ही कादंबरी कोणी लिहिली आहे असं इथे म्हणायचं नाही. लिहायची झाली तर लेखकाला कुठे कुठे निवड करावी लागेल, आणि प्रत्येक निवडीमागे कोणतं राजकारण येईल, एवढंच बघायचं आहे.

कोण सांगतंय

पहिली निवड निवेदकाची. मराठीत ती किती निर्णायक ठरली ते बघायला दोन जुनी पुस्तकं पुरतात. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857चं. विधवांचे हाल त्यात प्रवासात भेटलेल्या एकेका प्रकरणातून दिसतात. प्रकरण दिसतं, त्यावर चर्चा होते, पुढचं प्रकरण येतं. 1890च्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली, ती त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिथे यमू आपली गोष्ट स्वतः सांगते. प्रश्न जवळपास तोच, स्त्रीच्या स्थितीचा. पण आता वाचक प्रकरण बघत नाही, तो घरातच बसलेला असतो. हरिभाऊंनी युक्तिवाद कमी केले आणि परिणाम वाढवला. आजचे सामाजिक लेखक जे करतात त्याचं बरंचसं मूळ या एका बदलात आहे.

आता मिल. सांगणारा कामगार असेल तर त्याला पाळी, भोंगा, साच्यांचा आवाज, कापसाची धूळ, युनियनच्या सभा हे सगळं माहीत असेल. मिल का बुडाली हे मात्र माहीत नसेल. त्याच्या कानावर पाच कारणं आलेली असतील आणि पाचही अर्धवट खरी असतील. चांगला लेखक हे अज्ञान जपतो. ज्याचं आयुष्य उधळलं गेलं त्यालाच कारण सांगितलं जात नाही, हेच तर त्या प्रश्नाचं राजकारण आहे.

सांगणारी त्याची बायको असेल तर मिल एकदाही आतून दिसणार नाही. ती दिसेल डब्यातून, पगाराच्या तारखेतून आणि किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीतून. मिल बंद झाल्यावर तिने घरोघरी स्वयंपाकाची कामं धरली असतील, तर घरातला कमावता कोण हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आत उगवतो. मग कादंबरी कामगारांची राहते आणि बायकांचीही होते.

तिसरी शक्यता युनियनच्या कचेरीत यादी सांभाळणाऱ्या कारकुनाची, आणि ती सगळ्यांत अवघड आहे. त्याच्याकडे सत्ता आहे, थोडीशीच. कोणाचं नाव आधी तपासायचं, कोणाला ‘उद्या या’ म्हणायचं, हे तो ठरवतो. त्याला नायक करता येत नाही, खलनायकही करता येत नाही. अशा माणसाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट वाचकाला कुठल्याच बाजूला आरामात बसू देत नाही.

चौथी शक्यता सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी नात. तिच्यासाठी मिल म्हणजे आजोबांची पुन्हा पुन्हा सांगितलेली, कंटाळा आणणारी गोष्ट. हा कंटाळा प्रामाणिकपणे लिहिला तर शहर आपला भूतकाळ कसा विसरतं ते कळतं. तो लपवून तिला तिसाव्या पानावरच क्रांतिकारक केलं तर खोटं वाटतं.

वाचताना करायची गोष्ट सोपी आहे. पहिल्या तीस पानांत पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा करा: निवेदकाला जे माहीत आहे त्यावर एक, आणि जे त्याला कळणं शक्यच नाही पण तो सांगतोय त्यावर दुसरी. दुसऱ्या खुणा वाढत गेल्या तर निवेदकाच्या आडून लेखक बोलू लागला आहे, असं समजा.

भाषा कोणाच्या तोंडी

हा भाग इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना जरा जड जातो, म्हणून इथे थोडं थांबू. आपली मराठी बरीचशी प्रमाण, तिला हिंदीची चांगली फोडणी. सांगली, परभणी, बुलढाण्याकडची बोली समोर आली की पहिली दहा पानं अडखळायला होतं आणि पुस्तक बाजूला पडतं. उपाय शब्दकोशात नाही. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, अर्थ न अडवता. क्रियापदांचे शेवट कानाला सवयीचे झाले की निम्मे शब्द संदर्भावरून उलगडतात. उरलेले दहा-पंधरा शब्द कोणाला तरी विचारावे लागतात, तेवढेच.

पण बोलीकडे बघायचं ते अर्थाच्या पलीकडे जाऊन. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत, ही मांडणी इतकी रुळली आहे की ती खटकतही नाही. तिचा अर्थ असा होतो की सांगणारा वर उभा आहे आणि पात्रं खाली बोलतायत. नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’त निवेदनच सांगलीकडच्या जत भागातल्या बोलीत आहे. तिथे वरून बघणारा कोणी नाही. मुलाचं शिक्षण आणि घरची गरिबी यांची ओढाताण त्याच्याच भाषेत येते, आणि वाचकाला त्या भाषेत शिरण्याचे कष्ट करावे लागतात. त्या कष्टांनाही अर्थ आहे. एरवी प्रमाण भाषेत शिरण्याचे कष्ट नेहमी त्या मुलालाच करावे लागलेले असतात.

आपल्या मिलच्या कादंबरीत हा पेच आणखी गुंतागुंतीचा होईल. परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल या भागांत मराठी कुटुंबाच्या शेजारी उत्तरेकडून आलेली कुटुंबं, माळव्यातली कुटुंबं. घरात मराठी, गल्लीत इंदुरी हिंदी, नोटीस कचेरीच्या हिंदीत, कोर्टाचा निकाल इंग्रजीत. लेखकाने सगळ्यांना शुद्ध मराठीत बोलायला लावलं तर कामगाराला स्वतःचाच निकाल वाचता येत नव्हता, ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हातची जाते.

कागद

सरकार म्हटलं की जुन्या गोष्टींत लाठी घेतलेला शिपाई यायचा. आजच्या कादंबरीत ते बहुतेक वेळा कागद होऊन येतं: नोटीस, सातबारा, आधार, यादी, शपथपत्र, वारसाचा दाखला. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला 1992चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची ही कादंबरी मुख्यतः पुनर्वसनाच्या फेऱ्यांत घडते. गाव पाण्याखाली जाणं ही एक घटना झाली, पण त्यानंतर कचेऱ्यांतून भटकणं हे आयुष्य होऊन बसतं. इंदिरासागर धरणाच्या पाण्यासाठी 2004 साली खंडवा जिल्ह्यातलं हरसूद रिकामं झालं, ते इंदुरातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. घरं पाडतानाची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. पुढच्या फेऱ्यांचं छायाचित्र निघत नाही, आणि तिथेच कादंबरीचा उपयोग असतो.

मिलच्या गोष्टीत कागद असा काम करील: हजेरीपटावर नाव ‘गनपत’, रेशन कार्डावर ‘गणपतराव’, मृत्यूच्या दाखल्यावर आणखी तिसरं. तिन्ही माणसं एकच आहेत हे त्याच्या मुलाने सिद्ध करायचं. एवढ्या एका अडचणीवर चाळीस पानांचं प्रकरण उभं राहू शकतं, आणि त्यात एकाही पात्राला ‘व्यवस्था’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

कागदासारख्याच वस्तूही असतात. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मिल बंद पडल्या तरी त्या थांबल्या नाहीत. समजा, कादंबरीत ही झांकी तीनदा येते. पहिल्यांदा मिल चालू असताना, दुसऱ्यांदा मिल बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी, तिसऱ्यांदा आणखी वीस वर्षांनी. दर वेळी दोनच गोष्टी टिपायच्या: पैसा कुठून आला आणि पुढच्या फलकावर कोणाचा फोटो आहे. शहरातली सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली ते एवढ्यात कळतं.

काळ मागे-पुढे का नेतात

चालू घडामोडींवर थेट लिहिणं धोक्याचं असतं. लोक काय म्हणतील हा धोका आहेच, पण पुस्तक लवकर शिळं होणं हा त्याहून मोठा. योजनेचं नाव बदलतं, मंत्री बदलतो, आणि त्यांवर बेतलेलं प्रकरण पाच वर्षांत तळटीप मागू लागतं. म्हणून काही लेखक काळ सरकवतात. नंदा खरे यांची ‘उद्या’ पुढच्या काळात जाते. पाळत आणि कंपन्यांची सत्ता यांबद्दल ती बोलते, आणि वाचकाला ते आजचंच वाटतं. तिला 2020चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता, खरे यांनी तो स्वीकारला नाही.

मागे जाणं मराठीत जास्त लोकप्रिय. ऐतिहासिक कादंबरी वाचताना दोन सालं लक्षात ठेवावीत: गोष्ट कधीची आणि पुस्तक कधी लिहिलं गेलं. अहिल्याबाईंचा जन्म 1725चा, त्यामुळे 2025च्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने इंदुरात त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं-लिहिलं गेलं. अशा लेखनात त्या कधी आदर्श राज्यकर्त्या, कधी धर्मपरायण सून, कधी एकटीने कारभार पेलणारी बाई म्हणून समोर येतात. महेश्वरच्या दरबारात काय घडलं याइतकंच लेखकाच्या काळात कशाची भूक होती हेही त्यातून कळतं. मराठी वाचक पहिल्या प्रश्नावर तासन्‌तास भांडतो आणि दुसरा विचारतच नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बिघडतं कुठे

सगळ्यांत जास्त बिघडतं ते खलनायकापाशी. मिल बुडाली कारण मालक लबाड होता, असं एकदा लिहिलं की कादंबरी सोपी होते आणि प्रश्न नाहीसा होतो. मालक मेला, पकडला गेला किंवा पश्चात्ताप पावला की वाचक सुस्कारा सोडून पुस्तक मिटतो. पण त्याच काळात देशभरातल्या कापड गिरण्या बंद पडत होत्या. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीला आलेला भाव, कर्ज, युनियनमधली फूट. इतक्या ठिकाणचे सगळे मालक एकाच वेळी लबाड कसे झाले, याचं उत्तर एका खलनायकातून मिळत नाही. लबाडी दाखवू नये असं नाही. लबाड माणसाला बाजूला काढल्यावरही प्रश्न शिल्लक राहतो का, ते बघायचं. शिल्लक राहिला तर कादंबरी राजकीय, नाही तर ती एका वाईट माणसाची गोष्ट.

दुसरी खोट म्हणजे निष्कलंक पीडित. दारू नाही, राग नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही, शेजारच्या जातीबद्दल वाईट बोलला नाही. असा कामगार दया मिळवतो आणि लगेच विसरला जातो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शिकूनही नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. तिथे शेतीचं संकट घरातल्या भांडणांतून येतं, नवरा-बायकोच्या, भावाभावांच्या. कोणीच पूर्ण बरोबर नाही. पैशाची चणचण माणसांना एकमेकांशी वाईट वागायला लावते, हे त्या भांडणांतून जसं पटतं तसं कुठल्या भाषणातून पटलं नसतं.

भाषणबाजी ओळखायची चाचणी तर कोणालाही करता येते. संवाद झाका आणि बोलणाऱ्याचं नाव बदलून बघा. ‘भांडवलदारांनी आम्हा श्रमिकांना देशोधडीला लावलं आहे’ हे वाक्य कामगार, वकील, प्राध्यापक, कोणाच्याही तोंडी चालतं, म्हणजे ते कोणाचंच नाही. ‘अहो, दुकानदार विचारत होता, खातं पुढे चालू ठेवायचं का म्हणून’ हे वाक्य एकाच घरात, एकाच बाईच्या तोंडी आणि एकाच आठवड्यात शक्य आहे.

शहरातून आलेला तारणहार पत्रकार आणि पानोपानी उतरवून काढलेला अहवाल, या आणखी दोन खोटी. त्या लगेच दिसतात.

एक चूक मात्र वाचकाची असते: पात्राचं मत लेखकाच्या माथी मारणं. पेरुमाल मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ ही तमिळ कादंबरी 2010मध्ये आली. विरोध पेटला तो 2014च्या अखेरीस, आणि त्यात काही भाग संदर्भाबाहेर काढून फिरवले गेले. जानेवारी 2015मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै 2016मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कुठल्याही पुस्तकाचं फिरत आलेलं पान हाती पडलं तर आधी एवढंच तपासावं: हे वाक्य कोण बोलतंय, कोणाला, आणि पुढच्या पानावर त्याचं काय होतं.

गटात वाचायचं असेल तर

अशी पुस्तकं एकट्याने वाचण्यापेक्षा गटात जास्त उलगडतात. आठ ते दहा माणसं बस झाली. बारापुढे गेलं की तिघंच बोलतात. अडीचशे पानांच्या कादंबरीला दोन बैठका, मध्ये तीन आठवडे. दीड तासाच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं फक्त मोठ्याने वाचन. बोलीतलं पुस्तक असेल तर ती बोली कानावर असलेल्या व्यक्तीने वाचावं. इंदुरात खानदेश-वऱ्हाडाकडून लग्न होऊन आलेल्या एखाद्या काकू असतातच, आणि चर्चेत गप्प बसणाऱ्या त्या काकू वाचायला लागल्या की बैठकीचा नूर बदलतो.

मग तीन उतारे निवडा, प्रत्येकी दोन पानांचे: एक सुरुवातीचा, एक जिथे पैशाचा उल्लेख आहे असा, एक जिथे कागद किंवा अधिकारी येतो असा. प्रत्येक उताऱ्याला वीस मिनिटं. तीन प्रश्न पुरतात. इथे कोणाला काय माहीत नाही? किंमत कोण मोजतंय? कोणाला विचारलंच गेलं नाही? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर मिळतं ते घरातली म्हातारी, मुलगी किंवा कामवाली बाई, आणि मग चर्चा लेखकाच्याही पुढे जाते.

बैठका फिसकटतात त्या एकाच रीतीने. दहाव्या मिनिटाला कोणीतरी सकाळची बातमी काढतं, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि पुस्तक मांडीवर मिटून राहतं. त्यावर एकच नियम लागू पडतो: बोलायच्या आधी पान क्रमांक सांगायचा. राजकारण बोलायला बंदी नाही, पण पान क्रमांकाशिवाय नाही. नव्या गटात पहिल्या बैठकीला लोक यावर हसतात. दुसऱ्या बैठकीला खुणांच्या चिठ्ठ्या लावलेली पुस्तकं घेऊन येतात.

लेखक कुठल्या पक्षाचा, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तो शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवावा. पुस्तक चांगलं असेल तर तोवर दोन्ही बाजूंचे लोक त्यातलं आपल्याला न आवडलेलं पान शोधून बसलेले असतात.